ऋषीची भाजी, चिकोल्या आणि इटलीचे सूप

गेल्या काही वर्षांत आमच्या तुकईथडच्या मराठी घरांतून एक नवा पदार्थ रुजला आहे. पुण्या-इंदूरहून, बंगळूरहून सुटीला आलेल्या लेकी-सुना त्याला ‘इटालियन सूप’ म्हणतात. भिजवलेली चवळी किंवा राजमा, घरात असतील त्या भाज्या, भरपूर टोमॅटो आणि त्यातच शिजवलेले कणकेचे तुकडे. वडीलधारी मंडळी वाटी पुढ्यात आली की आधी नाक मुरडतात, मग चमचाभर घेतात आणि बहुतेक घरांत शेरा एकच पडतो : “अगं बाई, या तर चिकोल्या!” शेरा गमतीचा खरा, पण त्याच्या पोटात बराच इतिहास आहे. या वर्षीच्या स्मरणिकेसाठी तोच सांगावा असे आम्ही ठरवले.

आधी चिकोल्यांविषयी, कारण नव्या पिढीतल्या काहींना आता हा शब्दही माहीत नाही. तुरीचे पातळसर, चिंच-गुळाचे वरण उकळत ठेवायचे आणि जाडसर लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यात सोडून शिजवायचे. रावेर-यावलकडून आलेल्या घरांत याला चिकोल्या म्हणतात, अकोट-जळगाव जामोदकडच्या घरांत वरणफळे किंवा नुसती फळे, आणि गुजराती शेजाऱ्यांकडे दाळढोकळी. कुळथाच्या पिठाच्या हातावर वळलेल्या वळ्या लसणाच्या रश्शात सोडल्या की झाले शेंगोळे. एकाच गावात एवढी नावे असण्याचे कारण आमच्या गावाच्या जागेत आहे. तुकईथड हे जुन्या अकोला-खंडवा मीटरगेज मार्गावरचे स्टेशन होते. खाली धूळघाटचे वळण, मेळघाटचे जंगल आणि वऱ्हाड, पश्चिमेला बुऱ्हाणपूर आणि खानदेश, वर खंडवा आणि निमाड. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सोयरिकी मात्र दोन्हीकडे होत राहिल्या आणि माहेरून आलेल्या मुली आपापले शब्द घेऊन येत राहिल्या. टोमॅटोला आमच्याकडच्या वऱ्हाडी आज्या अजूनही ‘भेदरं’ म्हणतात. नातवंडांची शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे चिकोल्या आता पुष्कळ घरांत ‘दाल ढोकली’ झाल्या आहेत. पदार्थ टिकला आणि नाव गेले, अशी ही अवस्था. नावासोबत आणखी काय काय जाते ते पुढे येईलच.

‘सूप’ हा शब्द साहेबाने आणला असे आपण समजतो, पण आपल्याकडे तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेली डाळ, वरण. आचारी तो सूपकार. विराटाच्या घरी बल्लव नावाने राहिलेल्या भीमाने हेच काम पत्करले होते. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यातल्या ‘अन्नभोग’ या भागात डाळी शिजवण्याच्या रीती दिल्या आहेत. आणि मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पाकपुस्तकांपैकी एकाचे नावच ‘सूपशास्त्र’ आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे हे पुस्तक १८७५ साली निघाले. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळी ‘सूप’ म्हटल्यावर सगळा स्वयंपाकच डोळ्यांपुढे येत होता. (धान्य पाखडायचे सूप वेगळे, हे सांगायला नकोच.)

इंग्रजी ‘सूप’ची कुळी मात्र निराळी सांगतात. रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्यावरून तो शब्द आला, आणि इटालियन ‘झुप्पा’ त्याचाच भाऊबंद. तेव्हा दोन शब्द सारखे दिसले म्हणून आपलेच इटलीला गेले, अशी बढाई मारण्याचे कारण नाही. दुसरा इटालियन शब्द आहे ‘मिनेस्त्रा’. तो ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ सेवा करणे, वाढणे. मिनेस्त्रा म्हणजे पानात वाढलेले ते. त्याचे थोरले रूप ‘मिनेस्त्रोने’, म्हणजे भाज्या, कडधान्ये आणि पास्ता किंवा भात घातलेले दाट सूप. आमच्या सुना करतात ते हेच.

इटलीचा माणूस आपल्या भागात कधी आला होता का, असे आमच्यातल्या एका नातवाने विचारले. आला होता, आणि तोही असातसा नव्हे. निकोलाव मनूची हा व्हेनिसचा मुलगा चौदा वर्षांचा असताना घरातून पळून एका जहाजात लपला आणि १६५६ च्या जानेवारीत सुरतेला उतरला. तिथे लोक जमिनीवर लाल पिंक टाकताना पाहून त्याला वाटले, या देशात सगळ्यांच्या तोंडातून रक्त येते की काय! मग त्याने स्वतः विडा खाल्ला, आणि त्याला अशी घेरी आली की तोंडात मीठ घालून सावरावे लागले. सुरतेहून आग्र्याला जाणारा राजमार्ग बुऱ्हाणपुरावरून जात असे, त्याच वाटेने तो उत्तरेकडे गेला. पुढे मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत, १६६५ साली, याच मनूचीची शिवाजी महाराजांशी भेट झाली आणि बोलणेही झाले. तो पुन्हा व्हेनिसला परतला नाही, अखेरपर्यंत हिंदुस्थानातच राहिला. त्याने बुऱ्हाणपुराच्या सराईत सूप करून खाल्ले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण विड्याने घेरी आलेल्या त्या पोराला वरणाची वाटी मिळाली असती, तर ती फारशी परकी वाटली नसती, एवढे म्हणायला हरकत नाही.

असे म्हणण्याला आधार एका चित्राचा आहे. रोममधल्या कोलोन्ना घराण्याच्या संग्रहात आनिबाले कराच्ची या चित्रकाराचे एक प्रसिद्ध चित्र आहे, साधारण १५८५ च्या आसपासचे. एक शेतकरी जेवतो आहे. एका हातात पाव, दुसऱ्या हातात चमचा तोंडाशी नेलेला, शेजारी कांद्याची पात, आणि समोर वाडगाभर रसदार कडधान्य. त्या दाण्यांवर काळे डोळे आहेत. अगदी बरोबर, चवळी! राजमा आणि त्याचे गोतावळ्यातले दाणे कोलंबसानंतर अमेरिकेतून युरोपात गेले, त्याआधी इटलीचा गरीब माणूस पिढ्यान्‌पिढ्या चवळीच खात आला होता. हे चित्र रंगवले जात होते त्याच सुमारास बुऱ्हाणपुरात फारुकी सुलतान आदिलशहा म्हणजे राजा अली खान याची जामा मशीद उभी राहत होती. अरबीबरोबर संस्कृत शिलालेख असलेली ती मशीद आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यावर काम करणारा पाथरवट दुपारी शिदोरी सोडत असेल तेव्हा भाकरी, कांदा आणि एखादे कडधान्य याहून वेगळे काय निघत असेल? चित्रातल्या माणसाच्या हातातला पाव काढून भाकरी दिली की तो आपल्या ओसरीवर खपून जाईल.

गव्हाचे नाते याहून जवळचे. ज्या खपली गव्हाच्या खिरीची आठवण म्हाताऱ्या माणसांना येते, ती खपली आणि इटलीतल्या तोस्कानाच्या डोंगरी भागात ज्याचे सूप आजही करतात तो ‘फार्रो’ हे एकाच जातीचे धान्य. टरफल न सोडणारा, उखळात कांडावा लागणारा जुना गहू. आणि बाजारातला पास्ता ज्या कडक गव्हाच्या रव्याचा करतात, तो आपला बन्सी किंवा कठिया. माळव्या-निमाडात बाटी-बाफल्यांसाठी हाच गहू पसंत करत आले आहेत. त्याच्या कणकेचे तुकडे उकळत्या रश्शातही विरघळत नाहीत, म्हणून तिकडे पास्ता झाला आणि इकडे चिकोल्या टिकल्या. इटलीच्या एमिलिया भागात घरच्या शेवयांची लाटी कापताना उरलेले वेडेवाकडे तुकडे कडधान्याच्या सूपात टाकतात. त्यांचे नाव ‘मालतालियाती’, म्हणजे वाईट कापलेले. आमच्याकडे नव्या सुनेच्या चिकोल्यांना सासूने हेच नाव दिले असते.

आता ऋषिपंचमीकडे येऊ. चिकोल्यांपेक्षाही मिनेस्त्रोनेची खरी बहीण म्हणजे ऋषीची भाजी, आणि ती गणपतीच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या घरी शिजते. अळूची पाने आणि देठी, लाल भोपळा, दोडके, पडवळ, भेंडी, सुरण, माठ, मक्याच्या कणसाचे तुकडे, मूठभर ओले शेंगदाणे, थोडी चिंच, हिरवी मिरची. मसाला नाही, कांदा-लसूण नाही. नियम एकच : बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. म्हणून परसातले, कुंपणावरचे, हाताने लावलेले तेवढेच. भातसुद्धा देवभाताचा नाहीतर भगरीचा. वर्षभर जो प्राणी राबतो त्याच्या श्रमाचे एक दिवस न खाणे, ही कल्पना आम्हाला फार मोठी वाटते. हल्ली शेत ट्रॅक्टरने नांगरतात, तेव्हा आता सगळेच चालेल का, असा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी काढतोच. एका आजींचे उत्तर असे की बैल गेला म्हणून व्रत सुटत नाही, उलट ज्याने ट्रॅक्टरचे हप्ते फेडले त्याच्या नावाने करावे. यावर अजून कोणाला उत्तर सुचलेले नाही.

पण याच भाजीत इतिहासाची मोठी गंमत आहे. मका, मिरची, लाल भोपळा आणि शेंगदाणा या चारही वस्तू अमेरिका खंडातल्या. सोळाव्या शतकापूर्वी त्या आपल्या देशात नव्हत्या. सप्तर्षी आणि अरुंधती पानावर बसली, तर अळू, सुरण आणि पडवळ ओळखतील, बाकीचे काय म्हणून विचारतील. मिनेस्त्रोनेचेही तेच. टोमॅटो, बटाटा, राजमा, झुकिनी, सगळा अमेरिकेचाच माल. उलट रोमन काळच्या ज्या पाककृती आपिकियस या नावाखाली जपल्या गेल्या आहेत, त्यांत अळकुडी आहे आणि दुधीच्या जातीचे फळही आहे. म्हणजे दोन्ही देशांतल्या गृहिणींनी समुद्रापलीकडून आलेले परके जिन्नस जुन्याच पातेल्यात टाकले, आणि दोन-तीनशे वर्षांत ते इतके घरचे झाले की आपण त्यांना व्रताला बसवले.

टोमॅटोला हा मान मिळायला सर्वांत जास्त वेळ लागला. इटलीत मात्तिओली या वैद्याने १५४४ साली त्याचे वर्णन केले, पण लोक कितीतरी दिवस त्याला शोभेचे आणि संशयाचे फळ समजत. टोमॅटोचे कालवण छापील पुस्तकात आले ते १६९० च्या दशकात, नेपल्समध्ये, आंतोनिओ लातिनी याच्या ग्रंथात, आणि तेही ‘स्पॅनिश पद्धतीचे’ म्हणून. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो मुख्यतः साहेबांच्या बागेतला राहिला. सोवळ्याच्या स्वयंपाकात तर त्याला फार उशिरा प्रवेश मिळाला. लाल रंगामुळे तो वर्ज्य मानणारी घरे आमच्या आठवणीत आहेत. ऋषीच्या भाजीत अजूनही आंबटपणाला चिंच किंवा ताक लागते, टोमॅटो नाही. त्याचे कारण हेच असावे : व्रताचा स्वयंपाक ठरला तेव्हा हा पाहुणा अजून दारातच उभा होता.

मक्याची एक कडू गोष्टही सांगायला हवी. उत्तर इटलीच्या गरिबांनी अठराव्या शतकापासून मका जवळजवळ एकटाच खायला सुरुवात केली, पोलेंता नावाचे घट्ट पिठले करून. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत. ती रीत धान्याबरोबर युरोपात आली नाही. परिणामी हजारो शेतकरी कातडी सोलणाऱ्या, पुढे वेड लावणाऱ्या एका रोगाने मेले. १७७१ साली फ्रापोल्ली या डॉक्टराने त्या रोगाला लोंबार्दीतल्या बोलीतले ‘पेलाग्रा’ हे नाव दिले, अर्थ खरबरीत कातडी. हाच रोग विसाव्या शतकात हैदराबादच्या शास्त्रज्ञांना दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत सापडला. ज्याच्या ताटात भाकरीसोबत डाळ, भाजी, ताक काहीच नाही त्याला तो गाठी. कडधान्य आणि पीठ एका भांड्यात शिजवणारी चिकोल्यांची किंवा चवळी-पास्त्याची रीत ही नुसती चवीची बाब नव्हती. ज्या घरात भाजीला पैसा नसे, त्या घराला तीच तगवून ठेवी. आमच्या आज्या चिकोल्या केव्हा करत? झड लागली, बाजार भरला नाही, भाजी संपली, सरपण ओले आहे आणि एकदाच चूल पेटवायची आहे, अशा दिवशी. पाहुण्यांना चिकोल्या वाढणे कमीपणाचे समजत. म्हणूनच तो पदार्थ कोणी लिहून ठेवला नाही.

लिहून ठेवण्याने काय होते ते इटलीतच पाहावे. पेल्लेग्रीनो आर्तुसी हा कापडाचा व्यापारी. १८५५ साली तो लिव्होर्नो बंदरात उतरला, खानावळीत मिनेस्त्रोने जेवला आणि रात्रभर पोटदुखीने तळमळला. सगळा दोष त्याने सूपाला दिला आणि दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्सला पळाला. तिथे त्याला कळले की लिव्होर्नोत पटकी पसरली आहे आणि तो ज्याच्या घरी उतरला होता तो घरमालक तिने गेला. ही हकिगत सांगून त्याने मिनेस्त्रोनेची कृती आपल्या पुस्तकात दिली. ते पुस्तक १८९१ साली त्याने पदरमोड करून छापले तेव्हा त्यात ४७५ कृती होत्या. मग देशभरातून बायकांची पत्रे येऊ लागली, कोणी दुरुस्ती सांगे, कोणी आपल्या गावची रीत कळवी. १९११ साली तो वारला तोवर कृती ७९० झाल्या होत्या. मरताना त्याने पुस्तकाचे हक्क आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मारिएत्ता आणि फ्रांचेस्को या दोघांना दिले, हे आम्हाला त्यातले सर्वांत चांगले वाटते.

मराठीत कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली असेच मोठे काम केले. वाटी-चमच्याच्या मापाने परगावी संसार थाटलेल्या कितीतरी मुलींना तिने सावरले. पण शेंगोळ्यांना कुळीथ किती दळायचा, रसाला कांदा भाजायचा की नुसता लसूण ठेचायचा, हे रावेरचे वेगळे, अकोटचे वेगळे आणि आमच्या गावात आणखी वेगळे. ते ज्यांना हाताच्या अंदाजाने येते त्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. कुळीथ तर आसपास कोणी पेरत नाही. जिथे पाणी आहे तिथे केळी, नाही तिथे कापूस आणि सोयाबीन. मीटरगेजची गाडी होती तेव्हा अकोटकडची म्हातारी पिशवीत पायलीभर कुळीथ घालून लेकीकडे येत असे. गाडी बंद पडली आणि ती पिशवीही. लेकी-सुनांच्या या नव्या सूपाकडे आम्ही म्हणूनच जरा आदराने पाहतो. मोबाइलवर बघून का होईना, त्या कडधान्य भिजत घालतात, कणीक मळतात, एका भांड्यात घरदाराचे जेवण शिजवतात.

दोन पिढ्यांची वादावादी होऊन आमच्या घरांत आता जी कृती ठरली आहे ती येथे देतो. सहा माणसांना पुरते.

एक वाटी चवळी रात्री भिजवावी आणि सकाळी आठ-दहा वाट्या पाण्यात मऊ शिजवावी. टोमॅटो किंवा चिंच आधी घालू नये. आंबटात दाणा कितीही शिजवला तरी कडकच राहतो, हे सासवांना माहीत होते आणि आता सुनांनाही पटले आहे. दुसऱ्या पातेल्यात दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल तापवून दोन बारीक चिरलेले कांदे आणि आठ लसूणपाकळ्या मंद परताव्या, लाल करू नयेत. त्यावर लाल भोपळ्याच्या दोन वाट्या फोडी, एक दोडका किंवा अर्धा दुधी, एक गाजर आणि असतील तर अळूच्या सोललेल्या देठी घालाव्या. अळू चिंचेच्या पाण्यातून काढून घ्यावा, नाहीतर घसा धरतो. भाज्या अर्ध्या शिजल्या की चार भेदरी चिरून घालावी, ती विरघळली की चवळी तिच्या पाण्यासकट ओतावी. इटलीवाले ओरेगानो घालतात. आमच्याकडे चिमूटभर ओवा चोळून टाकतात, किंवा कुंडीतल्या पत्ताओव्याची दोन पाने. ओव्यातही त्याच जातीचा वास आहे. त्यांची बेसिल म्हणजे आपल्या सब्जाचे झाड. ते दारात असेल तर पाने घ्यावी, पण तुळस तोडू नये, यावर आजी ठाम आहेत.

चिकोल्यांसाठी एक वाटी बन्सीची कणीक मीठ आणि थोडे तेल घालून घट्ट मळावी. खपलीची असेल तर कढत पाण्याने मळावी, एरवी ती तुटते. अर्धा तास झाकून ठेवून जाडसर पोळी लाटावी, तिरके तुकडे कापावे आणि रस खळखळत असताना एकेक सोडावे. एकदम टाकले तर गोळा होतो. तुकडे वर आल्यावर सात-आठ मिनिटे शिजू द्यावे. रस आपोआप दाटतो. गूळ घालावा की नाही यावर एकमत नाही : खानदेशी घरे सुपारीएवढा घालतात, पुण्याहून आलेल्या सुना घालत नाहीत. वरून कच्चे तेल किंवा तूप, आणि लिंबू ताटात वेगळे.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या सूपात शिळी ज्वारीची भाकरी कुस्करून पुन्हा उकळी आणावी. तोस्कानात शिळा पाव घालून असेच करतात आणि त्याला ‘रिबोल्लीता’, म्हणजे पुन्हा उकळलेले, म्हणतात. ज्या घरी दहा दिवस कांदा-लसूण वर्ज्य आहे, त्यांनी हिंग-जिऱ्याची फोडणी करावी आणि भेदरांच्या जागी चिंचेचा कोळ घालावा.